मायच्या पासोडीचा दुसरा फाळका

अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईचे व्यापारी वऱ्हाडच्या कापसावर तुटून पडले होते. त्या वर्षांत मी अमरावतीच्या बाजारात दलाली करून वर आलो. त्याआधी वाटणीत काळी जमीन थोरल्या भावाला गेली, मला एक म्हातारा बैल मिळाला. माय तेव्हा उठली आणि भावाच्या चुलीजवळ जाऊन बसली. ते मी विसरलो नाही, आणि विसरायचं काही कारणही मला दिसत नाही.

स्वतःचं घर बांधलं तेव्हा वाटलं, आता ती येईल. बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावी तिला आणायला गेलो, बरोबर मऊ विलायती शाल नेली. तिने शालीची घडीसुद्धा मोडली नाही.

"हे इकतचं हाये. पासोडीचा एक फाळका थोरल्याच्या घरून झाला. तुह्या घरचं सूत येऊ दे, मंग येईन मी."

आमच्यात म्हाताऱ्या आईची पांघरायची पासोडी दोन फाळके, म्हणजे दोन लांब पट्टे, मधोमध शिवून करतात. दोन मुलगे असले तर एकेका घरून एकेक फाळक्याचं सूत यायचं, तेही घरात कातलेलं. दुसरा फाळका आला नाही तर पासोडी अर्धीच राहते, आणि तो कोणाच्या घरून आला नाही हे गावाला दिसत राहतं.

मी व्यापारी माणूस. तिने अट सांगितली, मी कबूल केली, सौदा ठरला असं समजून परतलो.

बायकोच्या माहेरी सगळ्या बायका कातायच्या, तिचा हात चांगला होता. कापूस कच्चाच विकून पैसे मिळायला लागल्यापासून तिचा चरखा माळ्यावर पडला होता. तिला सांगितलं, तर ती भाकरी थापताथापताच म्हणाली, "नाई. नवी नवरी होती तवा तुमच्या मायनं मले चुलीपाशी उभं नाई केलं. आता माह्या हातचं सूत पायजे?"

"माझ्यासाठी कात."

"तुमच्यासाठी म्हणसान तेवढं कातीन. त्यायच्यासाठी नाई. लई पायजे असंन तर शिकवते मी, तुमीच काता."

ती चेष्टेत म्हणाली असेल. मी चिडलो. "काढ चरखा," म्हणालो.

पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणला, तिने पेळू वळून दिले. उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि डाव्या हातातला पेळू हळूहळू मागे न्यायचा, एवढंच तर होतं. माझा धागा वीतभर झाला की तुटायचा. बाजारात कापसाचा तंतू किती लांब आहे ते बघायला आम्ही दलाल चिमटीत पुंजका धरून झटका देतो. तो झटका हातात इतका मुरला होता की पेळूलाही तोच बसायचा.

"सूत काढून राहिले का भाव पाडून राहिले?" बायको म्हणाली. "तो कापूस कास्तकाराचा नाई, घरचाच हाये. सोडा त्याले जरा."

मी पेळू भिंतीवर फेकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो.

स्वयंपाकघरात माझ्या पोरी आईजवळ हसायच्या, बोलायच्या. मी पाणी मागायला गेलो की गप्प व्हायच्या. माझ्या रागाची त्यांना सवय होती, माझी नव्हती. मी परत चरख्यापाशी येऊन बसलो की आत पुन्हा बोलणं सुरू व्हायचं. काय बोलतात ते चाकाच्या आवाजात ऐकू यायचं नाही. बाजारात तर ही गोष्ट कोणाला सांगण्यासारखीच नव्हती. त्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत मी कातत होतो हे घराबाहेर कोणालाच माहीत नव्हतं.

सूत घेऊन कोष्ट्याकडे गेलो. त्याने लड बोटांवर फिरवली.

"शेठ, लेकरू शिकून राहिलं काय कोनी?"

"तू वीण. बोलू नको."

फाळका जाड झाला, जागोजागी गाठी. पण झाला. तो घेऊन थंडीत बैलांची दमणी जुंपली आणि अकोल्यावरून गावी गेलो.

माय ओसरीवर होती. भाऊ, भावजय, शेजारचे दोघेतिघे होते. तिने फाळका मांडीवर घेतला, गाठींवरून अंगठा फिरवला. "कोनं कातलं?"

बायकोचं नाव घेता आलं असतं. पण ते सूत माझं होतं.

"मी."

शेजारी हसले. माय हसली नाही. "आन् तुही बायको?"

"तिनं शिकवलं."

"म्हंजे ती बसून राहिली आन् तू बाप्या मानूस कातत होता. मले तिच्या हातचा एक धागा पायजे होता. तिनं नाई देला. त्या घरात मी काहून येऊ रे?"

"तू घरचं सूत म्हणाली होतीस! कोणाचा हात ते बोलली नव्हतीस!"

"ते का सांगा लागते?"

ठरल्यावर अट बदलणाऱ्याला मी बाजारात उभं करत नाही. मी फाळका तिच्या मांडीवरून ओढून घेतला, दमणीत बसलो. भाऊ "जेवून तं जाय" म्हणत मागे आला. मी गाडीवानाला बैल हाकायला सांगितलं.

परतीच्या वाटेवर तो फाळका पांघरला. खांदे झाकले तर पाय उघडे राहत होते.

घरी बायकोने विचारलं, "नाई आल्या?"

"नाही."

"काहून?"

माय काय म्हणाली ते सांगितलं असतं, तर तिने पुढे मायला घरात पाय ठेवू दिला नसता. आणि मायला काही कळवावं तर ती ऐकणार नव्हती. "थंडी फार आहे," एवढंच मी म्हणालो आणि ओसरीवर जाऊन बसलो.