टाकायचं राहिलेलं पत्र

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... बनारसच्या घाटाच्या वर वाढलेल्या माणसाला मसणाचंसुद्धा भय उरत नाही. पण ही एक गोष्ट इतक्या वर्षांत मला उलगडलेली नाही, म्हणून इथे लिहितेय.

१९९५ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही बनारसला, मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत राहायचो. माझे वडील, अण्णा, चौकाघाटजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हरांची भरती बघायचे. तेव्हा ‘गाडी येते ना? मग झालं’ एवढ्यावर ट्रक हातात मिळायचा. अण्णांचं तसं नव्हतं. लायसन्स खरं की खोटं ते आरटीओकडून लेखी मागवायचे, डोळे तपासायला लावायचे, भरल्या ट्रकमध्ये स्वतः शेजारी बसून ट्रायल घ्यायचे. शिवाय जुन्या मालकाला चार प्रश्नांचं पत्र — दारू पितो का, अपघात केलाय का, काही आजार आहे का, तुम्ही याला परत ठेवाल का? उत्तर येईपर्यंत चावी नाही! लोक हसायचे. मला मात्र फार अभिमान वाटायचा.

त्या थंडीत रामधनी नावाचा ड्रायव्हर आला. कागद चोख, हात सफाईदार. अण्णांनी त्याच्या अलाहाबादच्या जुन्या मालकाला पत्र लिहिलं आणि पाकीट बंद करून माझ्याकडे दिलं — युनिव्हर्सिटीत जाताना टाक म्हणून.

दहा-बारा दिवसांनी मी डबा द्यायला ऑफिसात गेले, तर कंपनीचे मालक, सेठजी, अण्णांवर चिडलेले.

“पंडितजी, माल पड़ा है, आदमी खड़ा है। चाबी दे दीजिए!”

“जवाब आने दीजिए,” अण्णा शांतपणे म्हणाले. “नहीं तो मेरी जगह दूसरा रख लीजिए।”

नोकरी जाते की काय, असं मला वाटलं. पण दोनच दिवसांत उत्तर आलं. चारही प्रश्नांची ओळीने उत्तरं. तिसऱ्यापुढे लिहिलं होतं — याला मिरगी येते; एकदा चालत्या गाडीत आली, क्लीनरने स्टिअरिंग धरलं म्हणून वाचले.

पत्र दाखवताच रामधनीने हात जोडले. “सच है बाबूजी... बाल-बच्चे हैं, कैसे बताता?”

अण्णांनी त्याला हाकललं नाही. डॉक्टरकडे नेलं, औषधं सुरू केली, आणि सेठजींशी भांडून गोदामात कामाला लावलं. महिन्याभरात एका दुपारी त्याला तिथेच झटका आला. पोत्यांवर पडला, थोड्या वेळाने उठून बसला. त्या वेळी तो भरला ट्रक घेऊन रस्त्यावर असता तर...? त्यानंतर सेठजींनी चावीची घाई कधी केली नाही.

आणि मग होळीच्या आधी मी पुस्तकं आवरत होते. एका जाड पुस्तकातून पाकीट पडलं. अलाहाबादचा पत्ता, अण्णांचं अक्षर, तिकिटावर शिक्का नाही. मी ते टाकलंच नव्हतं!

रडतच अण्णांना सांगितलं. त्यांनी पाकीट फोडलं. तेच चार प्रश्न. ‘बीमारी’ शब्द चुकला म्हणून खोडून वर पुन्हा लिहिलेला.

रविवारी आम्ही दोघं अलाहाबादला गेलो. त्या मालकांनी फाईल काढली — “ये रही आपकी चिट्ठी।” पाकिटावर पोस्टाचा शिक्का. आत अण्णांचं अक्षर, अण्णांची सही. ‘बीमारी’ तिथेच, तशीच खोडलेली.

“अण्णा, तुम्ही दोनदा लिहिलं होतं का?” परतीच्या बसमध्ये मी विचारलं.

“एकदाच लिहिलं गं. आणि दोनदा लिहिलं असतं, तरी खाडाखोड हुबेहूब तशीच कशी होईल?”

अण्णा आता नाहीत. ते पत्र अलाहाबादला कसं पोचलं, कोणी पोचवलं — मला आजही सांगता येत नाही. पण ते लिहिलं कोणी, एवढं मात्र कोणीही विचारा... छातीठोकपणे सांगेन. माझ्या वडिलांनी.