मंगळवारचं लिंबू

हायवेवर पाणी सांडत चाललेला टँकर दिसला की आजही माझी नजर आधी त्याच्या बंपरवर जाते. तिथं लिंबू-मिरची बांधलेली आहे का, ताजी आहे का वाळलेली, हे मी बघतो. बायको म्हणते, रिटायर झालात, आता तरी पुढं बघून चाला. पण ती केस डोक्यातून जात नाही.

आमचं ठाणं हायवेपासून हाकेच्या अंतरावर होतं. मी तिथं सहायक निरीक्षक होतो. एका मंगळवारी सकाळी सहाच्या सुमारास एका वॉचमनला मागून कुठल्या तरी गाडीनं उडवलं. पन्नाशीचा माणूस, सायकलवरून इंद्रलोक वस्तीतल्या एका सोसायटीत ड्युटीला निघाला होता. गाडी पळून गेली. मागून आलेल्या टेम्पोवाल्यानं त्याला उचललं, सीटवर आडवं केलं आणि हॉस्पिटलला नेलं.

हॉस्पिटलच्या दारात लोकांनी त्या टेम्पोवाल्यालाच धरलं. अंगावर रक्त, टेम्पोच्या डाव्या बाजूला ओरखडा. "यानेच ठोकला," असं चार जण ठामपणे सांगत होते. मी पोचलो तेव्हा त्याचा शर्ट फाटलेला होता आणि ओठ सुजला होता. स्टेशन डायरीत मी नोंद केली: 'संशयित टेम्पोचालक ताब्यात.' अक्षर माझंच.

तो कोकणातला, हाटकेश भागातल्या एका कारखान्याचा माल पोचवायचा. जबाबात एकच गोष्ट परत परत सांगत होता.

"साहेब, मी उचललंय. ठोकलं मी नाही. माझ्या पुढे गाड्या बाजूने काढून जात होत्या, कोण थांबत नव्हतं. तो पूर्ण भिजलेला होता साहेब, माझी सीट पण ओली झाली."

"भिजलेला? पाऊस होता का?"

"नाही ना. तेच सांगतोय."

मी ते लिहून घेतलं आणि विसरलो. पंचनाम्यातही 'घटनास्थळी रस्ता ओला, पिवळ्या प्लास्टिकचा एक तुकडा मिळाला' असं मीच लिहिलं होतं. डिव्हायडरवरच्या झाडांना सकाळी पाणी घालतात, ओल त्याचीच असेल, असे तुकडे तर हायवेवर पडलेलेच असतात, असं मी ठरवून टाकलं. पोलिसाचं डोकं एकदा एका माणसावर बसलं की समोरचं दिसेनासं होतं. मी त्याला अपवाद नव्हतो.

गुन्हा जामीनपात्र होता, त्याला संध्याकाळी सोडलं. पण टेम्पो जप्त, मालकानं कामावरून काढलेला, लायसन्सही जाणार. वॉचमन बेशुद्ध होता. तो गेला असता तर या माणसाच्या कपाळावर आयुष्यभराचा शिक्का बसला असता.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. रडली नाही, भांडली नाही. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, एकच विचारते. ह्यांनी थांबायलाच नको होतं का?"

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला बरेच प्रश्न विचारले गेले होते. या बाईला मी "तपास चालू आहे" एवढंच सांगू शकलो. मला माझीच लाज वाटली.

मग मी साक्षीदारांना एकेक करून पुन्हा बोलावलं. धडक होताना प्रत्यक्ष कोणी पाहिलं? एकानंही नाही. सगळ्यांनी पाहिला होता तो रक्तानं माखलेला टेम्पोवाला. उरलेलं त्यांनी मनानं जोडलं होतं, मी जोडलं होतं तसंच. हायवेवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज मागवलं. त्या वेळेत गेलेल्या ट्रक, बस आणि टँकर यांची रांगच होती. नंबर धड दिसत नव्हते. पकडायचं कुणाला?

शुक्रवारी आमचे हवालदार सिग्नलवर चहा प्यायला गेले. तिथं एक मावशी बसायच्या, मराठवाड्याकडच्या. एरवी गजरे विकायच्या, शनिवारी लिंबू-मिरची. अर्ध्या हायवेची गिऱ्हाइकं त्यांना तोंडपाठ. हवालदार गमतीनं म्हणाले, "मावशी, आमच्या जीपला बांधा एक. केस सुटत नाय."

मावशी म्हणाल्या, "उद्या ये, शनिवारचं बांधते. आडवारी बांधून काय होतंय? त्या टँकरवाल्यासारखं येड्यावानी करू नको."

"कुठला टँकरवाला?"

"आपला नेहमीचाच. मंगळवारी दुपारी आला. शनिवारचं वाळलं पण नव्हतं, तरी म्हणतो नवं बांध. पुढं एक, मागं एक. इचारलं काय झालं रे, तर म्हणे गाडीला नजर लागली."

हवालदारांनी चहा तसाच ठेवला आणि ठाण्यात आले. ऐकता ऐकता माझा हात पंचनाम्याच्या फाईलकडे गेला. ओला रस्ता. ओला माणूस. ओली सीट. भरलेल्या टँकरनं करकचून ब्रेक मारला की वरच्या झाकणातून पाणी उसळतं, हे टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या या शहरात शेंबडं पोरही सांगेल. ते चार दिवस मला सुचलं नव्हतं.

मावशींनी खूण सांगितली, तो टँकर बोअरवर भरत असताना सापडला. डावा इंडिकेटर नवा कोरा, उजवा जुनाट पिवळा पडलेला. ड्रायव्हरला ठाण्यात आणला, समोर बसवला, चहा दिला. मी आवाज चढवला नाही. रोज किती फेऱ्या मारतोस, कुठल्या सोसायटीत पाणी टाकतोस, असंच विचारत राहिलो. तो धडाधड उत्तरं देत होता.

"इंडिकेटर कधी बदलला?"

"तो जुनाच फुटलेला साहेब. महिना झाला."

"बरं. आणि लिंबू कुठल्या वारी बांधतोस?"

"शनिवारी."

"मग या मंगळवारी का बांधलंस?"

त्यानं कप खाली ठेवला. मग त्याचा चेहरा पडला. "आरशात बघितलं साहेब. तो हलत नव्हता. वाटलं गेला. रात्री त्याचा आत्मा गाडीत येईल असं वाटायला लागलं." पोलिसांच्या भीतीनं त्यानं इंडिकेटर बदलला होता आणि मेलेल्याच्या भीतीनं लिंबू बांधलं होतं.

लिंबू कोर्टात चालत नाही. त्यानं सांगितलेल्या गॅरेजच्या भंगाराच्या डब्यातून आम्ही फुटका इंडिकेटर काढला आणि घटनास्थळी मिळालेला पिवळा तुकडा पंचांसमोर त्याला लावून पाहिला. बरोब्बर बसला. पुढं दोषारोपपत्र गेलं, शिक्षाही झाली. वॉचमन शुद्धीवर आला. पायात थोडा दोष राहिला, पण माणूस वाचला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

टेम्पोवाल्याचं नाव कोर्टात अहवाल पाठवून गुन्ह्यातून कमी केलं. मग युनिफॉर्म घालून मी स्वतः हाटकेशला त्याच्या मालकाकडे गेलो आणि सगळ्या कामगारांसमोर सांगितलं की चूक माझी होती, याची नाही. नोकरी परत मिळाली. टेम्पोवाला मान हलवून माल चढवायला निघून गेला. रागावलेला होता, आणि त्याला तो हक्क होता. ठाण्यात परतताना माझा नंबर मात्र मी त्याच्या खिशात ठेवला.

तीन-चार महिन्यांनी भर दुपारी फोन वाजला.

"साहेब, ओळखलंत? खाडीच्या पुलाच्या अलीकडे एक बाईकवाला पडलाय. गाड्या चालल्यात बाजूने." मग जरा थांबून, "मी थांबलोय. उचलू, का आधी तुम्ही येताय?"

"उचल," मी म्हणालो. "मी हॉस्पिटलच्या दारात उभा राहतो."

आणि उभा राहिलो. त्याचा टेम्पो आत आला तेव्हा त्याच्या अंगाला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. मला नोकरीत बक्षिसं मिळाली, प्रशस्तिपत्रकं मिळाली, ती कपाटात आहेत. पण त्या केसनं मला शिकवलं की अशा रस्त्यावर पळालेला शोधायच्या आधी, थांबलेल्याला सांभाळायचं असतं. त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या नवऱ्यानंच दिलं होतं. मी फक्त ठाण्यात परत येऊन डायरीत बाईकवाल्याच्या अपघाताची नोंद केली आणि टेम्पोवाल्याच्या नावापुढं स्वतःच्या हातानं लिहिलं: 'जखमीस मदत करणारा.'