उंबऱ्यापलीकडचं धुकं

गुऱ्हाळावर उकळणाऱ्या रसाचा वास आला की मला कॉलेजातली ती धुक्याची सकाळ आठवते. मराठीचे सर एका जुन्या कादंबरीचा शेवट उलगडून सांगत होते. लग्न ठरलेली नायिका पहाटे घराचा उंबरा ओलांडते, म्हणजे नेमकं काय काय ओलांडते, हे ते फळ्यावर लिहीत होते. खिडकीबाहेरचा ऊस धुक्यात विरघळला होता आणि जवळच्या गुऱ्हाळाचा तो गोड वास वर्गभर तरंगत होता. तेवढ्यात राधानगरीकडून एसटीनं येणारी माझ्या शेजारी बसणारी मुलगी उठली. तिचंही लग्न ठरलं होतं. “सर, पर फुडं ती गेली कुठं?” मुलं हसली. “कादंबरी तिथंच संपते की,” सर म्हणाले. “कादंबरी संपली सर, ती कुठं संपली?” सरांनी खडू खाली ठेवला. “विचार करून उद्या सांगतो,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिचे वडील तेवढे पटका हातात घेऊन वर्गाच्या दारात उभे राहिले. “सर, आमची पोरगी पहाटंच घरातनं गेली. कुठं गेली, तुमास्नी काय ठावं हाय?” सरांनी पुस्तक मिटलं आणि ते त्यांच्याबरोबर बाहेर पडले. आता तोच शेवट मी शिकवते. शेवटचं पान वाचून झालं की मला धुक्यातून दोघी चालताना दिसतात, आणि त्यांतली एकही मागं वळून बघत नाही.