कडूलिंबाचा पाला, शेळी आन वकीलआक्का

सुशीलाआक्कांची आन माझी पहिली वळख झाली तवा माझ्या अंगावर हवालदाराचा टॉवेल हुता. पोलीस स्टेशनातल्या बाकड्यावर मी गुडघं जवळ घिऊन बसलो हुतो, केसातनं पाणी गळत हुतं. आक्का दुसऱ्याच कुठल्या कामाला आलत्या. काळा कोट हातावर टाकलेला, पायात साध्या चपला. माझ्याकडं बघून त्यांनी हवालदाराला शांतपणे विचारलं, "हे कुठल्या झाडावरनं पडलंय?"

आक्कास्नी यंदा साठ पुरी झाली. गौरव अंक काढणाऱ्या मंडळींचं म्हणणं पडलं, आक्कांनी ज्यांच्या केसी चालवल्या त्यांच्यातल्या एकानं तरी लिवावं. बाकीचे सगळे मागं सरकले. आपली केस छापून यावी असं कुणाला वाटतंय? मला काय, माझी केस आख्ख्या स्टँडानं डोळ्यानं बघितलीया. लपवायला कायबी शिल्लक न्हाय.

आमचं गाव निपाणीपास्नं जवळ, हायवेला लागून. पाऊस वढ देतो तवा आमच्यात धोंडी काढत्यात. एका गड्याच्या कमरंला कडूलिंबाचा पाला बांधायचा आन "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत दारोदार फिरवायचं. बायका दारात घागरी घिऊन उभ्याच असत्यात, त्या डोस्क्यावर वतत्यात. त्या साली धोंडी मी. आत चड्डी घालायची रीत हाय. पर पोरं म्हणाली, मागच्या वर्सी चड्डी हुती म्हणून पाऊस आला न्हाय. मी म्हटलं, मग आवंदा खरी धोंडी.

गाव झालं, सगळ्या गल्ल्या झाल्या. तिथंच थांबायचं हुतं. पर माझ्या डोस्क्यात किडा वळवळला. पाऊस काय फकस्त गावालाच पायजे व्हय, चला की हायवेच्या स्टँडावर. गेलो नाचत. शेडात बसची वाट बघत माणसं हुती, बाकड्यावर नव्यानं बदलून आलेल्या एक शिक्षिकाबाई बसल्या हुत्या. मी हात वर करून नाचतोय तवर मागनं कुणाची तरी शेळी आली आन पाला वढला. शेळीला लिंबाचा पाला किती आवडतो ते मला त्या दिवशी कळालं. सुंभ सुटलं, शेळी पाला घिऊन पुढं आन मी तिच्या मागं. बाई वरडल्या. पोलीस स्टेशनाच्या नव्या साहेबांची जीप नेमकी तिथंच उभी हुती.

केस झाली. सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन.

आता खरी गोम ऐका. कंडक्टरच्या भरतीत माझं नाव लागलं हुतं. पोलिसांची चौकशी तेवढी राहिली हुती. आमच्या आप्पांनी रानात राबून मला दोनदा दहावीला बसवलं, त्यांच्यासाठी ती नोकरी म्हंजे सगळं काय ते. ज्याला त्याला विचारलं तर ज्यो त्यो म्हणाला, गुन्हा कबूल कर, बारकासा दंड भर, घरला जा. आप्पाबी तयार झाले. आक्कांनी तेवढं अडवलं.

"दंड भरून घरला जाशील रं," त्या म्हणाल्या. "पर कबूल म्हणालास की गुन्हा शाबीत झाला. मग बायकापोरींनी भरलेल्या बशीत तुला कोण उभा करणार हाय?"

आप्पा तिथंच आक्कांच्या हापिसाच्या पायरीवर बसले. आक्कांनी त्यास्नी आत नेऊन च्या पाजला, मग केस घेतली.

आक्कांच्या आई निपाणीत बिड्या वळायच्या. आईच्या सुपाशेजारी बसून आक्का शिकल्या. म्हणून का काय, कायद्याचं बोलणं त्या आपल्या बोलण्यात आणून सांगत्यात. मला सांगितलं, दोन गोष्टी बघायच्या. एक, तू मुद्दाम केलंस का. दुसरी, समोरच्याला तरास झाला का. दुसरीचं उत्तर व्हय हाय, त्यात खोटं बोलायचं न्हाय. माझा एक दोस्त म्हणाला, बाईंस्नी जाऊन इनंती करूया. आक्का एवढ्या गार आवाजात बोलल्या की त्यो पुना हापिसात आला न्हाय. "त्या साक्षीदार हायत. त्यांच्या सावलीलाबी जायाचं न्हाय," म्हणाल्या.

कोर्टात जजसाहेब विजापूरकडचे. आक्का कानडीत त्यास्नी समजावत हुत्या, तुमच्याकडं पावसासाठी गुर्जी फिरवत्यात, बायका पाणी वतत्यात, तशीच ही आमची धोंडी. जजसाहेबांनी मान हलवली. मग शिक्षिकाबाई आल्या. वकील उलटं सुलटं इचारून माणसाला रडवत्यात असं मी ऐकून हुतो. आक्कांनी आधी त्यास्नी पाणी द्यायला लावलं. मग म्हणाल्या, "बाई, तुमाला तरास झाला, ते आमी नाकारत न्हाय. एवढंच सांगा, पाला ह्यानं सोडला का?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. आप्पांनी डोळं मिटलं हुतं.

"न्हाय," बाई म्हणाल्या. "शेळीनं वढला. हे तर पाला परत मागत तिच्या मागं पळत हुतं."

जजसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. मी सुटलो.

मी पेढं आणायला निघालो तवा आक्कांनी हाक मारली. "कोर्टातनं सुटलास. अजून एक काम हाय." त्यांनी बाईंस्नी आदुगर इचारलं, हा भेटला तर चालंल का. बाई व्हय म्हणाल्या, मगच मला पुढं केलं. मी माफी मागितली. बाई म्हणाल्या, शेळीचं नंतर हसू आलं, त्या घटकेला न्हाय आलं. कॉलेजात असताना बेळगावात स्टँडावर एका माणसानं त्यांच्यासमोर मुद्दाम तसलं केलं हुतं. "तवा मी वरडले न्हाय, गप घरला गेले," त्या म्हणाल्या. "ते वरडणं राहिलं हुतं. तुझ्यावर निघालं."

मी पुना एकदा हात जोडलं. 

येताना आक्का म्हणाल्या, "गल्लीत बायका आपणहून घागरी घिऊन आलत्या. स्टँडावर तू कुणाला इचारलंस?" बास, एवढंच. नंतर रस्ताभर त्या भाजीच्या भावावर बोलत हुत्या.

मला मागनं कळालं, आक्का वकिलीत नव्या असताना कारखान्यातनं सुटणाऱ्या बिडीच्या बायकांसमोर एक बडा माणूस रोज वाटंत उघडा उभा ऱ्हायाचा. बायका तोंडावर पदर घिऊन जायच्या. आक्कांनी त्यांच्यातल्या एकीला कोर्टात साक्षीला उभं केलं आन त्याला शिक्षा लावली. कलम त्येच, माझ्यावर लागलेलं. काही लोक अजून म्हणत्यात, आक्का कधी ह्या बाजूनं, कधी त्या बाजूनं. मला तर दोन्ही येळंला एकच बाजू दिसती.

मी आता निपाणी-कोल्हापूर बशीला कंडक्टर हाय. गेल्या वर्सी मागच्या शिटावर एक गडी एका पोरीच्या शेजारी बसून नको ते चाळं करत हुता. पोरगी खिडकीकडं तोंड करून गप. मी तिच्यापाशी जाऊन हळूच इचारलं, "ताई, बस थांबवू का?" ती माझ्याकडं वळली. मग मोठ्यांदा म्हणाली, "थांबवा." थांबवली, थेट पोलीस चौकीच्या दारात. शिट्टी मारताना मला आक्कांची याद आली.

आक्का, तुमचं गुडघं अलीकडं दुखत्यात, कोर्टाचा जिना चढताना तुमी मधीच थांबून आमास्नी दाखवायला फायल चाळताय, ते आमाला कळतंय. गुडघं बरं होऊ द्यात. तुमास्नी लई वर्सं लाभू द्यात, आन ती सगळी आमच्याच भागात जाऊ द्यात. पाऊस वढ देईल त्या साली धोंडी तुमच्या दारापास्नं सुरू करीन. आदल्या दिवशी येऊन इचारून जाईन. तुमी व्हय म्हणालात तरच येईन, आत चड्डी घालून येईन. तुमी फकस्त भरलेली घागर उचलाय एवढी ताकद ठिवा. शेळीचं मी बघतो.