नाक्यावरचा बांबू

आमच्या गावच्या जकात नाक्यावर नगरपालिकेचे एक कारकून बसत. बैलगाडी असो की ट्रक, आडवा बांबू वर करण्याआधी त्यांचे दोन प्रश्न ठरलेले: "कुठून आले? काय आनलं?" उत्तराची वाट न पाहता पोत्यावर थाप मारून तेच सांगत, "सरकी हाय." कधी चुकले नाहीत.

मग सरकारनं नगरपालिकांची जकातच उठवली. व्यापाऱ्यांनी पेढे वाटले. एक यांनीही खाल्ला आणि म्हणाले, "पहिले गाव आपल्या हातानं जेवे. आता मुंबईचं अनुदान येईल, तवाच दिवे लागतील." खरंच, आमच्या गल्लीतले खांब अनुदानाची वाट पाहत अंधारात उभे राहिले.

त्यांना जन्म-मृत्यू नोंदीच्या खिडकीत बसवलं. लेकीची नोंद करायला मी गेलो, तर मान वर न करताच त्यांनी विचारलं, "कुठून आले? काय आनलं?"

"दवाखान्यातून. पोरगी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरची लाकडी पट्टी उचलून, एक टोक टेकवून, सावकाश उभी केली.

"दिवे नाई लागले अजून," ते म्हणाले, "पन येऊ द्या तिले गावात."