पहिल्या हाकेला दिलेला ओ

मंडळी, रेकॉर्डिंगमधलं कळणारं कोणी इथे असेल, तर एक शंका आहे.

स्टुडिओतली नोकरी सोडून मी माझी पहिली सीडी एकटीने करतेय, हे कम्युनिटीत बहुतेकांना माहीत आहे. तिचं शेवटचं गाणं आज दुपारी तोंडवलीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात रेकॉर्ड केलं. आसपास कोणी नव्हतं. दोन कडव्यांमध्ये थांबले असताना हेडफोनमध्ये माझ्या नावाने हाक आली. एकदाच. मी सवयीने "ओ" म्हटलं, मागे पाहिलं, आणि गाणं पूर्ण केलं.

घरी येऊन ऐकलं. ओ आहे, हाक नाही. हेडफोनमध्ये येतं ते माइकमधूनच येतं, म्हणजे हाक असायलाच हवी. त्या जागी स्क्रीनवर आवाजाची दोन सेकंद सरळ रेष आहे. वारा नाही, समुद्रही नाही.

काकी बांगडे साफ करत होती. तिला सांगितलं तसा तिचा हात थांबला.

"पयल्याच हाकेक ओ दिलंस? माणूस आसलो तर तीनदा हाक मारतलो, किती वेळा सांगलंय तुका! इतक्या शिकलंस, पण शाणी नाय झालंस." मग हळूच, "आवाज कोणाचो होतो गो?"

"वाऱ्यात कळाक नाय," मी म्हटलं.

कळला होता. माझाच होता.

उद्या सीडीची मास्टर कॉपी छपाईला पाठवायची आहे. संध्याकाळी पुन्हा दोनदा गायले, पण तसं जमलं नाही. तो ओ कापायला अर्धं मिनिट पुरेल. पण कापला, तर मी तो दिलाच नव्हता असं होतं का?