डावीकडं ओढणारी जीप

इंदापूरच्या एका कचेरीत मी तीस वर्षे सरकारी जीप चालवली. निवृत्तीला दोन महिने उरले असताना डाळजजवळ माझा डोळा लागला आणि जीप पुलाच्या कठड्यावर गेली. गाडीत मी एकटाच होतो. चौकशीच्या भीतीने ओळखीच्या गॅरेजात पत्रा ठोकून रंग मारून घेतला; चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, मात्र वाकलेलीच राहिली. लॉगबुकात लिहिले, ‘गाडी सुस्थितीत.’

पुढे ती जीप लिलावात निघाली. लोणी भापकरच्या तात्यांनी बोली लावण्याआधी मला बाजूला घेऊन विचारले, गाडी कधी ठोकली आहे का. पुढच्या काचेपाशी खंडोबाच्या भंडाऱ्याची डबी होती. मी चिमूटभर भंडारा उचलून ‘नाही’ म्हटले. आमच्याकडे याहून मोठी शपथ नाही. तात्यांनी गाडी घेतली. तेव्हापासून कपाळाला भंडारा लावताना माझा हात आखडायचा.

गेल्या वर्षी जेजुरीहून परतताना लोणी भापकरच्या फाट्यावर एसटी बंद पडली आणि उन्हात उभी असलेली माझी पत्नी कोसळली. दोन गाड्या न थांबता गेल्या. मी देवाला म्हटले, माझे पाप हिच्यावर नको. तेवढ्यात एक जुनी जीप थांबली. चालवणाऱ्या बाईने हिला मागे निजवले आणि बारामतीचा रस्ता धरला. दाराच्या रंगाखाली शासनाची अक्षरे पुसट दिसत होती. पुढे तीच डबी.

जीप संथ चालली होती. मी घाई केली, तशी ती म्हणाली, “ही डावीकडं ओढती, आबा. सासरे चाळीसच्या वर न्हेऊ देत न्हाईत.”

माझ्याच खोटेपणामुळे माझी पत्नी दवाखान्यात चाळीसच्या वेगाने निघाली होती. त्या वाटेवर मी देवाकडे आणखी काहीच मागितले नाही; तुला काय करायचे ते कर, एवढेच म्हणालो.

हिची साखर उतरली होती. संध्याकाळी ती उठून बसली. सुनेकडून कळल्यावर तात्या चहाचा थर्मास घेऊन आले होते. मी त्यांना सगळे सांगितले.

“मला पहिल्याच आठवड्यात कळलं हुतं,” ते म्हणाले. “पर भंडारा तुमी उचललेला. ते तुमचं नि देवाचं.”

मग विकली का नाही, मी विचारले.

“इकायची म्हंजी मलाबी भंडारा उचलावा लागला असता की. च्या घ्या, निवल.”

ते खोटे बोलणार नव्हते, म्हणून त्या दुपारी ती जीप त्या फाट्यावर होती. हे कुणी घडवले, याचा मी खल करत नाही. नुसते हात जोडतो. भंडारा लावताना हात आता आखडत नाही.

ते लॉगबुक केव्हाच रद्दीत गेले असेल. म्हणून राहिलेली नोंद इथे करतो. डाळजजवळ गाडी कठड्यावर गेली. चूक चालकाची.